रीसेट दाबायला कोण जाणार?

प्रोजेक्टच्या दिवसांत होस्टेलवर एक वाद हमखास ऐकू येतो. "हार्डवेअर ओके आहे, तुझा कोडच चुकलाय!" "कोड चालतोय, तू तुझा बोर्ड बघ!" आमच्याही रूमवर तो झाला. प्रोजेक्ट होता पंचगंगेचं पाणी वाढलं की भोंगा वाजवायचा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं सगळ्यांना पाठच असतं. ब्रेडबोर्डवर, बादलीत पाणी ओतलं की एलईडी झकास लागायचा. पीसीबीवर एलईडीच्या जागी रिले आणि भोंगा जोडला. भोंगा एकदा वाजून बंद झाला की सगळं ठप्प! पुन्हा पाणी ओतलं तरी आवाज नाही. रीसेट दाबला की चालू.

खरं तर चूक दोघांचीही होती.

आधी हार्डवेअर बघू. रिलेच्या कॉईलचा करंट अचानक तोडला की क्षणभर मोठं उलटं व्होल्टेज तयार होतं. एलईडीत कॉईल नसते, म्हणून तिथं हा त्रास दिसला नाही. हा धक्का मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोचला की प्रोग्रॅम भरकटतो. यासाठी कॉईलला समांतर उलटा डायोड लावायचा, कॅथोड प्लसकडे. कंट्रोलरच्या सप्लाय पिनला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवायचा. रिलेचा ग्राउंड ट्रॅक थेट सप्लायपर्यंत वेगळा न्यायचा.

आता सॉफ्टवेअर. कंट्रोलरमधला वॉचडॉग टायमर सुरू करा. प्रोग्रॅमनं त्याला ठरावीक वेळेत 'मी जागा आहे' असं कळवलं नाही, तर तो स्वतःच रीसेट देतो. पण हे काम टायमर इंटरप्टमध्ये टाकू नका. मुख्य लूप अडकली तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग फसतो! रीसेटनंतर पाण्याची पातळी आधी नव्यानं वाचा.

पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे १ किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. तिथं बटण दाबायला कोण जाणार? २०१९ सारख्या महापुरात, रात्री बंधाऱ्यावर तरी कोण जाणार?

तेव्हा सबमिशनच्या आधी एक टेस्ट कराच. रिले रात्रभर चालू-बंद होऊ द्या आणि रीसेटला हात लावू नका. सकाळी भोंगा वाजला, तर बोर्ड आणि कोड दोन्ही पास. रूम पार्टनरची झोप मात्र तुम्ही बघून घ्या!