वाहतूक कोंडीचे मापन : वाहने मोजायची की माणसे?

'आज फार ट्रॅफिक होते' असे आपण सहज म्हणतो. अभियंत्याला मात्र 'फार' म्हणजे किती, हे आकड्यांत सांगावे लागते.

१) वाहनांवरून : आपल्या रस्त्यांवर सायकल, रिक्षा, कार, बस एकत्र धावतात. म्हणून प्रत्येक वाहनाचे रूपांतर 'प्रवासी कार एकक' म्हणजे पीसीयूमध्ये करतात. कारचे मूल्य १. आयआरसी १०६ : १९९० नुसार शहरी रस्त्यावर बसचे प्रमाण ५ टक्के असल्यास तिचे मूल्य २.२, तर १० टक्के व अधिक असल्यास ३.७ धरतात. ताशी पीसीयूला रस्त्याच्या क्षमतेने भागले की कोंडीचा अंदाज येतो.

२) वेळेवरून : गर्दीतील प्रवासवेळ भागिले मोकळ्या रस्त्यावरील प्रवासवेळ म्हणजे प्रवासवेळ निर्देशांक. १२ मिनिटांच्या अंतराला २४ मिनिटे लागली, तर निर्देशांक २.

३) गर्दीवरून : लोकल वेळेवर पोहोचली, तर तिचा निर्देशांक १ येतो, पण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथे दर चौरस मीटरमागे उभे प्रवासी मोजतात. मुंबईत कमाल गर्दीत ते १४ ते १६ पर्यंत जातात.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. एका रस्त्यावरून ताशी १,००० कार (प्रत्येकी १.५ व्यक्ती) आणि ४० बस (प्रत्येकी ५० व्यक्ती) जातात. सर्वांना २४ मिनिटे लागतात. बससाठी वेगळी मार्गिका केल्यावर बसला १६ व कारला ३० मिनिटे लागू लागली.

प्रति वाहन सरासरी : (४० × १६ + १,००० × ३०) ÷ १,०४० = सुमारे २९.५ मिनिटे
प्रति व्यक्ती सरासरी : (२,००० × १६ + १,५०० × ३०) ÷ ३,५०० = २२ मिनिटे

रस्ता तोच, पण पहिल्या मापाने कोंडी वाढली आणि दुसऱ्याने घटली! दिल्लीत आंबेडकर नगर–मूलचंद बीआरटी मार्गावर नेमका हाच वाद झाला. बस मार्गिका सर्व वाहनांना खुली करा, ही मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही २०१६ मध्ये तो मार्ग काढून टाकण्यात आला.

म्हणून कोंडीचा कोणताही आकडा वाचताना आधी विचारा : भाजकात काय आहे, वाहने की माणसे? रस्त्यावर कोणाला जागा मिळणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

स्वाध्याय : महाविद्यालयाजवळच्या रस्त्यावर १५ मिनिटे उभे राहून प्रत्येक प्रकारची वाहने व त्यांतील माणसे मोजा. पीसीयूमधील आणि प्रवाशांमधील बसचा टक्का काढून तुलना करा.