डोल जाळ्यातील पकडीची रचना आणि माशांच्या वाढीचे मापन

प्रस्तावना :

पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर लहान नौकांनी चालणाऱ्या मासेमारीत डोल जाळे हे कोळी समाजाचे पारंपरिक साधन आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांच्या आधारे एका जागी बांधलेली ही लांब, निमुळती पिशवी असते. तिच्या तोंडाकडील आस, म्हणजे जाळीचे छिद्र, मोठा असतो. शेवटच्या ‘खोला’ या भागातील आस मात्र अत्यंत बारीक असतो. डोल माशाचा पाठलाग करीत नाही. प्रवाह जे आणील ते तिच्यात साठते. त्यामुळे डोलीतील पकड हा समुद्रातील जीवसंपत्तीचा विश्वासार्ह नमुना होय, असा समज सहज होतो. हा समज तपासणे आवश्यक आहे. कारण अशाच पकडींवरून माशांच्या वाढीचे अंक काढले जातात आणि त्या अंकांच्या आधारे मासेमारीचे नियम ठरतात.

पकडीची रचना :

डोलीत बोंबील, जवळा, अंबाड, मांदेली, लहान वाकटी आणि ढोमी येतात. पापलेट व घोळ यांची पिल्लेही सापडतात. या घटकांचे परस्परप्रमाण स्थिर नसते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरदार असल्याने जाळ्यातून अधिक पाणी गाळले जाते. भांगाच्या दिवसांत पकड घटते. एका उधाणातील नमुन्यावरून संपूर्ण महिन्याचे चित्र रंगविणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

प्रमाण वजनाने मोजावे की संख्येने, हा प्रश्नही वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. समजा, 100 किलो पकडीत पापलेटची पिल्ले 2 किलो आहेत. वजनाने हा वाटा केवळ 2 टक्के. तक्त्यात तो ‘इतर’ या सदरात सहज नाहीसा होतो. परंतु प्रत्येक पिल्लू 20 ग्रॅमचे असेल, तर ती 100 पिल्ले असतात.

शिवाय प्रत्येक जाळे निवड करते. गिलनेटमध्ये आसाला जुळणाऱ्या जाडीचा मासा कल्ल्यांशी अडकतो. त्याहून लहान मासा पार निघून जातो आणि फार मोठा मासा बहुधा अडकत नाही. डोलीत लहान मासे निसटत नाहीत. पण प्रवाहाविरुद्ध जोराने पोहू शकणारे मोठे मासे तोंडापासूनच परत फिरू शकतात. एकाच खाडीमुखावर ही दोन जाळी लावली, तर एकाच जातीच्या लांबीचे दोन निराळे आलेख मिळतात. त्यांपैकी कोणताही एकटा आलेख समुद्राचा नव्हे.

वाढीचे मापन :

थंड प्रदेशांत माशाच्या कानातील अस्थिखड्यावर वार्षिक वलये स्पष्ट उमटतात. उष्ण कटिबंधात ऋतुमानाचा फरक सौम्य असल्याने ती अनेकदा अस्पष्ट राहतात. त्यामुळे डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांच्या मार्गाने दरमहा अनेक माशांची लांबी मोजून लांबी-वितरणातील शिखर पुढे कसे सरकते हे पाहिले जाते. 1980 च्या दशकात डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला संगणकाची जोड दिली. हाती आलेले अंक सामान्यतः बर्टालान्फी यांच्या 1938 च्या समीकरणात बसविले जातात. मासा आरंभी झपाट्याने वाढतो आणि कमाल लांबीकडे जाताना त्याचा वेग मंदावतो, हा त्या समीकरणाचा आशय.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. कमाल लांबी 300 मि.मी. आणि वाढीचा गुणांक वर्षाला 0.8 मानल्यास सहा महिन्यांचा मासा सुमारे 99 मि.मी., तर एक वर्षाचा 165 मि.मी. भरतो. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने या सहा महिन्यांत ते सुमारे साडेचार पटींहून अधिक होते. याच काळात नैसर्गिक कारणांनी 45 टक्के मासे मेले, तरी उरलेल्यांचे एकूण वजन अडीच पट असते. लहान मासा न पकडण्याचा आग्रह भावनेवर नव्हे, तर या हिशेबावर आधारलेला आहे.

पण हिशेबातील गुणांकच जाळ्याच्या निवडीने बिघडला तर? नमुन्यात मोठे मासे नसतील, तर कमाल लांबी कमी ठरते आणि तिच्या जोडीने गुणांक फुगतो. मासा खऱ्यापेक्षा लवकर वाढ पूर्ण करतो, असे भासू लागते. लांबी उतरणीच्या ठिकाणी, प्रतवारी झाल्यावर मोजली असेल, तर लहान मासे आधीच बाजूला गेलेले असतात. मग चूक उलट टोकालाही होते. नमुन्यासोबत खोल्यातील आस, भरतीची तिथी आणि मोजणी प्रतवारीपूर्वीची की नंतरची, याची नोंद नसेल, तर वाढीच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या विद्यार्थी-प्रकल्पांत नेमकी हीच नोंद बहुधा सुटते.

नियम आणि डोल :

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. गिलनेटधारकास आस वाढवून हा नियम पाळणे तुलनेने सोपे आहे. डोलधारकाची अडचण वेगळी आहे. प्रौढ जवळाच जेमतेम 20 ते 35 मि.मी. लांबीचा असतो. पापलेटच्या पिल्लाला वाट देणारा आस जवळ्याला तर मुळीच अडवणार नाही. आणि जवळा, मांदेली, बोंबील हेच त्या कुटुंबाचे उत्पन्न आहे. डोलीत बराच काळ दाबून राहिलेली पिल्ले पाण्यात परत सोडली, तरी त्यांतील किती जगतील हीही शंकाच. आस बदलून हा प्रश्न सुटत नाही. पिल्ले कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीवर आणि कोणत्या खाडीमुखाशी एकवटतात हे कळले, तर तेवढ्या जागी तेवढेच दिवस खुंट मोकळे ठेवण्याचा पर्याय उरतो. ही माहिती दर पंधरवड्याच्या, संख्येने केलेल्या मोजणीतूनच मिळू शकते.