वर्गणी आणि कविता

कविता म्हटली की आपल्यापुढे कवी उभा राहतो. मासिकाचा संपादक, खिळे जुळवणारा कामगार आणि वर्गणी धाडणारा गृहस्थ मात्र कोणाला आठवत नाहीत. आमचे आयुष्य कामगार-चळवळीत गेले. झोळीत पावतीपुस्तक नेहमीचेच. म्हणून ह्या विसरलेल्या मंडळींविषयी आज सांगतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात कविता नियतकालिकांतून घरोघर गेली. १८४३ च्या ऑगस्टात एलिझाबेथ बॅरेट ह्यांची खाणी-गिरण्यांत राबणाऱ्या मुलांवरील कविता 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये आली. बालमजुरांच्या सरकारी चौकशीच्या अहवालातून ती उपजली होती. त्याच वर्षी डिसेंबरात टॉमस हूडची शिवणकाम करणाऱ्या बाईवरील कविता 'पंच' ह्या विनोदी साप्ताहिकात निनावी छापली गेली. अहवाल कपाटात राहतो. साप्ताहिक माजघरात जाते.

आपल्याकडे १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस ह्यांनी 'काव्यरत्नावली' हे मासिक काढले. निव्वळ कवितेला वाहिलेले, आणि तेही पुण्या-मुंबईत नव्हे, तर भोकरदनच्या उत्तरेस, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, जळगावी! केशवसुतांची कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक' अशा पत्रांतूनच वाचकांना भेटली. १८६६ साली कोकणात मालगुंडला जन्मलेला हा माणूस मास्तरकीसाठी खानदेशात फैजपूरला राहिला; नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यात त्याला आपले गाव आठवे. १९०५ साली हुबळीस प्लेगने तो गेला. कवितांचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढले, ते १९१७ साली. मधली सगळी वर्षे ही कविता मासिकांनीच जगवली.

त्यांची 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही १८८९ ची कविता आम्ही एकदा गेटसभेत वाचून दाखवली. सभा गप्प झाली. मग मागून एकाने विचारले, "हा मास्तर कोणत्या युनियनचा होता, दादा?" आम्हाला उत्तर सुचले नाही. आज वाटते, तो वर्गणीदारांच्या युनियनचा होता.

आमच्याकडे काही सभासद म्हणतात, संघटना हवी. पावतीचे नाव काढले की घाईत असतात. साहित्याचेही तसेच चालले आहे. किती मराठी मासिके बंद पडली! हळहळणारे पुष्कळ, वर्गणीदार थोडे.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर एखाद्या मासिकाची वर्षाची वर्गणी भरा. उद्याचा केशवसुत कदाचित परतूर-अंबडकडच्या एखाद्या शाळेत मास्तरकी करीत असेल. त्याची कविता आपल्यापर्यंत यायला वाट हवी.