लाकडातले वडीलधारे

युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत ठेवलेल्या काही फँग मूर्तींच्या अंगातून अजून तेल पाझरते. गाबोन, इक्वेटोरियल गिनी आणि दक्षिण कॅमेरूनच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या फँग लोकांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेल चोळले. ते लाकडात इतके मुरले आहे की शंभर वर्षांनंतरही काळ्या कातडीवर थेंब उमटतात. आफ्रिकी लाकूडशिल्पाबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्या शिल्पाच्या घडणीवर बोलतात. मला त्या तेलाबद्दल बोलायचे आहे, कारण ते चोळणारे हात होते तोवरच मूर्तीला अर्थ होता.

फँगांच्या पूर्वज-उपासनेला ब्येरी म्हणतात. झाडाच्या सालीच्या गोल डब्यात कुळातल्या कर्त्या माणसांच्या कवट्या जपलेल्या असत आणि मूर्ती त्या डब्याच्या कडेवर पाय सोडून बसलेली असे. पूज्य होत्या त्या कवट्या. मूर्ती त्यांची राखणदार. ज्यांची दीक्षा झालेली नाही त्यांनी डब्याकडे पाहायचेही नाही, असा दंडक होता. फँग वस्त्या जागा बदलत, तेव्हा डबाही सोबत निघे. मूर्ती किडली, मोडली तर दुसरी घडवत. कवट्या मात्र बदलता येत नसत. संग्राहकांनी नेमके उलटे केले. डबे आणि हाडे मागे राहिली, राखणदार तेवढे पॅरिसला गेले. शिल्पकार जेकब एपस्टाइन यांच्या संग्रहातले ब्येरीचे एक भव्य मस्तक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

या मूर्तींच्या अंगलटीबद्दल मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्नांडिस यांनी १९६० च्या दशकात फार मोलाचे निरीक्षण नोंदवले. फुगीर कपाळ, मोठे डोके, आखूड पाय हे सारे तान्ह्या बाळाचे, तर दंड आणि पोटऱ्या भरलेल्या प्रौढाच्या. नुकताच आलेला आणि केव्हाच गेलेला, असे दोघे एका देहात बसवलेले. त्या ताणातूनच मूर्तीत जीव येतो, असे फँग रसिक स्वतःच सांगत. शेजारच्या कोटा लोकांनी हीच राखणदारी पितळ-तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या चपट्या, जवळजवळ अमूर्त चेहऱ्यांकडे सोपवली.

मेलेला प्रत्येक माणूस पूर्वज होत नाही, हे इथे सांगायला हवे. बहुतेक समाजांत त्यासाठी लेकरेबाळे मागे असावी लागतात, मरण रीतसर यावे लागते, उत्तरक्रिया पार पडावी लागते. इगोर कोपिटॉफ यांनी १९७१ च्या एका निबंधात काँगोमधल्या सुकू लोकांचे उदाहरण देऊन दाखवले, की तिथे जिवंत वडीलधारा आणि मेलेला वडीलधारा यांत आपण मानतो तशी भिंत नाही. थडग्यापाशी जाऊन लोक त्यांना गाऱ्हाणे सांगतात, प्रसंगी खडसावतातही. ‘पूर्वजपूजा’ म्हणताना आपल्या मनात जी हात जोडलेली नम्रता येते, ती इथे अपुरी पडते.

आणि लाकडात कोरलेली प्रत्येक आकृती पूर्वजाची नसते. आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांच्या देखण्या स्त्री-पुरुष मूर्तींवर संग्रहालयांनी वर्षानुवर्षे ‘पूर्वज’ अशा चिठ्ठ्या लावल्या. त्यांपैकी कित्येक मूर्ती परलोकातल्या जोडीदाराच्या असतात. प्रत्येकाचा एक नवरा किंवा बायको त्या लोकी असते आणि ती रुसली तर इथला संसार विस्कटतो, असे बाउले मानतात. चुकीच्या चिठ्ठीमुळे एक अख्खा भावसंबंध पुसला गेला.

पूर्व काँगोमधल्या हेम्बा लोकांच्या मूर्ती मला या साऱ्यांत सर्वांत शांत वाटतात. मिटत आलेले डोळे, पोटावर ठेवलेले हात, मागे बारकाईने कोरलेली केशरचना. पण ही शांतता निव्वळ सौंदर्यासाठी नाही. कुळाच्या ताब्यात अशा अनेक मूर्ती असत, त्यांच्या आधारे वंशावळ म्हटली जाई आणि जमिनीवरचा हक्क त्या वंशावळीवर उभा राही. मूर्ती गेली की दाव्याचा पुरावाच गेला. १९६० आणि ७० च्या दशकांत त्या ढिगांनी युरोपच्या बाजारात पोहोचल्या.

नायजर नदीच्या मुखाशी, खाडीत राहणाऱ्या कालाबारी लोकांची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. इथली वस्ती व्यापारी पेढ्यांची. आधी गुलामांचा आणि मग पामतेलाचा व्यापार या पेढ्यांनी केला आणि प्रत्येक पेढीला युद्धनौका बाळगावी लागे. विकत आणलेले गुलामही पेढीत सामावून घेतले जात. म्हणजे ज्यांचे रक्ताचे नाते नाही अशी माणसे एका छताखाली आलेली. त्यांना एकत्र धरायला समाईक पूर्वज हवा होता आणि तो घडवला गेला. मेलेल्या पेढीप्रमुखासाठी ‘दुएइन फुबारा’ नावाची लाकडी चौकट तयार होई: मध्ये तो स्वतः, त्याच्या खास सोंगाचा मुकुट घालून, दोन्ही बाजूंना लहान आकाराचे अनुयायी. एका मुकुटावर चक्क युरोपीय शिडाचे जहाज आहे. आफ्रिकेतली बहुतेक शिल्पे एकसंध ओंडक्यातून निघतात; ही मात्र तुकडे तासून, जोडून, बांधून उभी केलेली. गोळा केलेल्या माणसांच्या घराण्याला जोडकामाचा पूर्वज लाभावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

रॉबिन हॉर्टन यांनी आयुष्याचा मोठा काळ कालाबारींच्या अभ्यासात घालवला. त्यांनी नोंदवलेल्या एका म्हणीचा आशय असा: आत्मा फार माजला, तर तो कोणत्या लाकडाचा आहे ते त्याला सांगून टाकू. नैवेद्य देणारे हात थांबले की सामर्थ्यही संपते, याची ही स्पष्ट जाणीव आहे. पूर्वज वंशजांना सांभाळतो, पण पूर्वजाला पूर्वजपण वंशजच देतात.

१९१५-१६ मध्ये गॅरिक ब्रेड या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या चळवळीने या मुलखात जुन्या मूर्ती मोडण्याचा सपाटा लावला. पी. ए. टॅलबट या इंग्रज अधिकाऱ्याने काही चौकटी त्या धामधुमीतून बाहेर काढून १९१६ मध्ये ब्रिटिश म्युझियमला पाठवल्या. त्या वाचल्या हे खरे. त्यांच्यापुढचा नैवेद्य कायमचा थांबला हेही खरे.

पूर्वजाला चेहरा असलाच पाहिजे असेही नाही. घानामधल्या असांते लोकांत थोर प्रमुख वारला की त्याचे लाकडी आसन काजळी आणि इतर द्रव्यांनी काळे करून वेगळ्या खोलीत ठेवतात आणि बेचाळीस दिवसांच्या चक्रातल्या अडाए पर्वांना त्यापुढे अन्न-पेय ठेवतात. नायजेरियातल्या बेनिन शहरात थोरला मुलगा वडिलांच्या वेदीवर ‘उखुऱ्हे’ नावाचा कोरीव दंड ठेवतो. बांबूसारख्या पेरांचा तो दंड जमिनीवर आपटून खुळखुळवला की पितरांना साद जाते.

आता केनियाचा किनारा. मिजिकेंडा समूहातले गिरियामा आणि त्यांचे भाऊबंद, गोहू या मानाच्या मंडळाचा सदस्य वारला की त्याच्यासाठी उंच कोरीव फळी रोवतात: वर चकतीसारखे गोल डोके, अंगभर त्रिकोणी खाचांची नक्षी. एक असेल तर किगांगो, अनेक असतील तर विगांगो. साध्या माणसाला साधा, छोटा खांब. मेळघाटातल्या कोरकूंच्या कोरीव स्मृतिफळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पुष्कळदा मृत माणूस नातलगाच्या स्वप्नात येऊन तक्रार करतो, तेव्हा फळी घडवली जाते. एकदा रोवली की ती हलवायची नाही. ऊन, पाऊस, वाळवी यांनी ती झिजत जावी, हेच रीतीला धरून. मिजिकेंडांची पवित्र काया-वने २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, पण वाड्यावस्त्यांवरच्या विगांगोंना तसे कवच नव्हते. १९७० च्या दशकापासून ते चोरीला जाऊ लागले आणि अमेरिकी कलाबाजारात आधुनिक शिल्पांसारखे दिमाखात उभे राहिले.

१९८५ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मोनिका उडवर्डी यांनी एका म्हाताऱ्याचे, त्याच्या दिवंगत भावांसाठी रोवलेल्या विगांगोंसह छायाचित्र घेतले. थोड्याच काळात ते विगांगो चोरीला गेले. पुढे त्यांतले दोन अमेरिकेत, दोन वेगवेगळ्या संग्रहांत सापडले. ओळख पटली ती त्या छायाचित्रामुळे. २००७ मध्ये एक किगांगो घरी परतला तेव्हा म्हातारा हयात नव्हता, पण घर होते, नाव होते, रोवायला जागा होती.

डेन्व्हरच्या निसर्ग-विज्ञान संग्रहालयाने २०१४ मध्ये आपल्याकडचे ३० विगांगो परत करायचे ठरवले. निर्णय योग्यच. पण ते द्यायचे कोणाला? विक्रेत्यांनी कोणत्या वाडीतून, कोणाच्या अंगणातून फळी उपटली, याची नोंद ठेवली नव्हती. मिजिकेंडांच्या दृष्टीने किगांगो हा कोणातरी ठरावीक माणसाचा असतो; नाव हरवलेल्या फळीला ना घर, ना नैवेद्य, ना झिजण्याचा हक्क. म्हणून संग्रहालयांकडे एक मागणी धरावीशी वाटते. मूर्ती परत पाठवण्याचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल, त्याआधी खरेदीची कागदपत्रे, विक्रेत्यांची पत्रे, जुनी छायाचित्रे किनाऱ्यावरच्या त्या गावांपुढे आजच उघडी करावीत. स्वप्नात येऊन तक्रार करणाऱ्या भावाला ओळखणारी माणसे तिथे अजून आहेत.