स्फोटक द्रव्यांचा स्वभाव



खानदेशांत ज्याचें बालपण गेलें, त्याला सुरुंगाचा आवाज नवा नाहीं. वरची काळी माती संपली कीं काळा पाषाण लागतो, आणि विहिरीला पाणी हवें तर तो फोडल्यावांचून गत्यंतर नसतें. वाती पेटल्या कीं आम्ही मुलें निंबाआड दबून बसत असूं आणि आवाज मोजीत असूं. पुढें मी शाळेंत शास्त्र शिकवूं लागलों, तेव्हां विद्यार्थी हटकून विचारीत, "गुरुजी, सर्वांत जोरदार दारू कोणती?" मला हा प्रश्न अपुरा वाटे. स्फोटकाचा जोर जाणावा, तसा त्याचा स्वभावहि जाणावा. तें कशानें जागें होतें, हें आधीं पाहावें.

लांकूड जळतें तें हवेंतील प्राणवायूवर. जुन्या बंदुकीच्या दारूंत प्राणवायु सोऱ्यांतून मिळतो. कोळसा व गंधक हें तिचें जळण. परंतु हे कण निरनिराळे असल्यामुळें ज्वाला एकाकडून दुसऱ्याकडे जाते. दारू भराभर जळते, एवढेंच. उच्च स्फोटकांत मात्र बहुधा जळण आणि प्राणवायु एकाच रेणूंत नांदतात. धक्क्यानें ती रचना मोडतांच तप्त वायु क्षणार्धांत निर्माण होतात, आणि स्फोटाची लाट त्या द्रव्यांतून ध्वनीहूनहि अधिक वेगानें धांवते. टीएनटींत हा वेग सेकंदाला सुमारें 7 किलोमीटर, तर आरडीएक्समध्यें साडेआठांहून अधिक असतो. म्हणून दारू ढकलते, आणि उच्च स्फोटक चुरा करतें. आपल्या जळगांव जिल्ह्यांत वरणगांवला 1964 सालीं काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. काडतुसांतील दारूनें गोळीला ढकलावयाचेंच असतें. तिनें उच्च स्फोटकाचा स्वभाव दाखविला, तर बंदुकीची नळीच फुटेल.

आतां स्वभाव पाहूं. सोब्रेरोनें 1847 सालीं शोधलेलें नायट्रोग्लिसरीन हें तेलासारखें द्रव अत्यंत तापट. साध्या हिसक्यानेंहि भडकणारें. नोबेलनें तें सच्छिद्र मातींत मुरविलें, आणि 1867 सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें. टीएनटी त्याच्या अगदीं उलट. 1863 सालीं तें प्रथम तयार झालें, परंतु इतकें थंड प्रकृतीचें, कीं त्याची स्फोटक शक्ति कित्येक वर्षें ओळखलीच गेली नाहीं. तें 80 अंशांच्या सुमारास वितळतें, म्हणून तोफगोळ्यांत ओततां येतें. आरडीएक्स त्याहून जोरदार, पण अधिक हळवें. म्हणून त्यांत मेण वा टीएनटी मिसळतात. खत म्हणून परिचित असलेलें अमोनियम नायट्रेट तर आळशीच म्हणावें. तरीहि 4 ऑगस्ट 2020 रोजीं बैरूत बंदरांत सुमारें 2,750 टन साठा आगीनें तापला, आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला.

स्वभावाइतकाच शेजारहि महत्त्वाचा. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारें 1,400 टन स्फोटकें आणि कापसाच्या गांठी एकत्र होत्या. गांठींना आग लागली, आणि दोन प्रचंड स्फोटांत शेंकडों माणसें गेलीं. त्यांत आगीशीं झुंजणारे 66 बंबवाले होते.

थंड द्रव्याला जागें करण्यासाठीं एक लहानशी टोपी लागते. तिच्यांत पूर्वीं पाऱ्याचें फल्मिनेट असे, पुढें शिशाचें अझाइड आलें. हीं द्रव्यें अल्प, पण अतिशय हळवीं. आपल्या देशांत 2004 पासून नायट्रोग्लिसरीनचीं स्फोटकें बंद झालीं, आणि पाणी धारण करणारीं, धक्के सोसणारीं स्फोटकें त्यांच्या जागीं आलीं. टोपीची गरज मात्र राहिलीच. न उडालेल्या सुरुंगाचें भय येथेंच आहे: जागें करणारी ती टोपी खडकांत तशीच पडून असते.

आमच्या गांवीं एका विहिरीवर पांच वाती पेटविल्या होत्या. आम्ही मुलांनीं आवाज चारच मोजले. परंतु मुलांना विचारतो कोण? दुसऱ्या दिवशीं एका गड्यानें जुन्याच भोंकांत पहार घातली. तो वांचला, डोळे मात्र गेले. म्हणून विद्यार्थ्यांना मी अखेरीस एवढेंच सांगत असें: कोणती दारू जोरदार हें विसरलांत तरी चालेल, आवाज मोजावयास विसरूं नका, आणि एक कमी भरला तर जाणत्या माणसावांचून विहिरींत कोणालाहि उतरूं देऊं नका.