गड्ड्याच्या रात्रीचे फोटो आणि दाण्यांचा प्रश्न

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले, म्हणजे गड्ड्यातले, नंदीध्वज होम मैदानाकडे निघतात तेव्हा अंधार पडलेला असतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, तोल सांभाळत पेललेला उंच नंदीध्वज, भोवती पिवळे दिवे, आणि यातलं काहीच क्षणभर स्थिर नसतं. फ्लॅश मारला तर त्या दिव्यांची शोभाच जाते. शटर मंद ठेवलं तर माणसं धूसर होतात. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ६४०० वर न्यायचा आणि फोटो घ्यायचा, एवढंच हातात उरतं. घरी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला की सावलीतून रंगीत दाणे, म्हणजेच नॉइज, वर येतात आणि बघणारा म्हणतो, “फोटो फुटलाय.”

हे दाणे आयएसओ वाढवल्यामुळे येतात असं सर्रास समजलं जातं. मूळ कारण आहे प्रकाशाचा तुटवडा. प्रकाश सेन्सरवर सलग धारेने येत नाही, पावसाच्या थेंबांसारखा कुठे जास्त कुठे कमी पडतो. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर त्यात साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. सरासरी १०० च पडणार असतील तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के. एकाच कापडावरचे शेजारशेजारचे पिक्सेल मग वेगवेगळे दिसू लागतात.

त्यात पिवळ्या दिव्यांची भर. अशा उजेडात निळा अंश मुळातच थोडा असतो. बाराबंदी पांढरी दिसावी म्हणून व्हाइट बॅलन्स सुधारला की सॉफ्टवेअर निळा चॅनल ताणतं आणि त्याच्याबरोबर त्यातला नॉइजही ताणला जातो. बाराबंदीच्या घड्यांत निळे-जांभळे डाग उठतात ते यामुळे.

हे दाणे काढणारं सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळतं. एक स्वतंत्र, स्वतःच्या खिडकीत उघडणारं. दुसरं प्लग-इन, म्हणजे फोटोशॉप किंवा लाइटरूमच्या आत बसणारं. ही निवड जुनीच आहे. नॉइज निंजा आणि नीट इमेज ही वीसेक वर्षांपूर्वी गाजलेली नावं दोन्ही रूपांत मिळायची. आतलं गणित सारखंच होतं, त्यामुळे ज्याला जे सोयीचं ते त्याने घ्यावं, इतकाच मामला होता.

आता प्रश्न क्रमाचा आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या नोंदीत, प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग ठाऊक असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे एका पिक्सेलची चूक याच टप्प्यावर शेजाऱ्यांत पसरते आणि सुट्या दाण्याचा डाग होतो. फोटोशॉपमधल्या प्लग-इनच्या हाती फोटो येतो तो हे सगळं होऊन गेल्यावर. रॉवर काम करणारं सॉफ्टवेअर मात्र चूक पसरण्याआधीच तिला गाठतं. डीएक्सओने २०२० मध्ये आणलेलं डीपप्राइम रंग भरणं आणि नॉइज काढणं ही दोन्ही कामं एकत्र करतं; २०२१ पासून ते प्युअररॉ या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्येही मिळू लागलं. एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅडोबीने लाइटरूममध्येच रॉसाठी डीनॉइज दिलं. ज्यांच्याकडे लाइटरूम आहे त्यांनी दुसरं काही विकत घेण्याआधी हे नीट वापरून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गड्डा किंवा लग्नाची वरात, जिथे एका रात्रीत शेकड्याने फोटो निघतात, तिथे मी रॉवरच्या कामाच्या बाजूने आहे. निवडलेले फोटो रांगेला लावायचे, कॉम्प्युटर रात्रभर चालू द्यायचा, सकाळी स्वच्छ फाइलींवर रंगाचं काम सुरू करायचं. याची किंमत हार्ड डिस्कवर मोजावी लागते, कारण प्युअररॉसारख्या सॉफ्टवेअरमधून तयार होणारी वेगळी डीएनजी फाइल मूळ रॉच्या कित्येक पट मोठी असू शकते. शिवाय चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात.

प्लग-इनची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर दिवस मावळताना टिपलेलं काळवीट घ्या. मागचं आकाश पूर्ण स्वच्छ हवं, पण गवताची पाती आणि अंगावरचे केस तसेच राहायला हवेत, नाहीतर जनावर मेणाचं दिसतं. प्लग-इनचं काम वेगळ्या लेयरवर घेता येतं, मास्कने आकाशापुरतं ठेवता येतं, गवतावर ब्रशने कमी करता येतं. एकाच फोटोवर तास घालवायचा असेल, प्रदर्शनासाठी मोठा प्रिंट काढायचा असेल, तर हाताने मिळणारा हा ताबा मला मोलाचा वाटतो. मात्र प्लग-इन आपल्या यजमानावर अवलंबून असतं. फोटोशॉपची नवी आवृत्ती आली किंवा कॉम्प्युटर बदलला की जुनं प्लग-इन बंद पडू शकतं.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. एआयवर चालणारी साधनं कधी कधी नसलेला तपशील भरतात. गर्दीतला दूरचा चेहरा वेगळाच होतो. सोलापुरात दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीला कन्नड आणि तेलुगूही दिसतं; दाण्यांत बुडालेली अशी बारीक अक्षरं साफ होताना वेलांट्या-उकार बिघडून निरर्थक नक्षी उरू शकते. फोटो बातमीसाठी किंवा यात्रेची नोंद म्हणून ठेवायचा असेल तर हे चालणार नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचे नियमही इथेच रेघ ओढतात: नॉइज कमी केलेला चालतो, फोटोत नवी माहिती घालणारं साधन चालत नाही. म्हणून मूळ रॉ कधीही पुसू नये.

आणि पुष्कळदा यातलं काहीच लागत नाही. ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपसाठी १,५०० वर आणला की १६ पिक्सेल मिळून एक होतो आणि नॉइज आपसूकच सुमारे चौथाईवर येतो. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार नॉइजची मोजमापं आधीच भरलेली असतात. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो.

बहुतेक विकतची सॉफ्टवेअरं काही दिवस फुकट वापरायला मिळतात. त्या दिवसांत कंपनीचे नमुने पाहू नका, स्वतःचा सगळ्यात वाईट फोटो घाला. १०० टक्के मोठा करून बाराबंदीची घडी, दाढीचे केस आणि मागची पाटी तपासा. मग नेहमीच्या लॅबमधून १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढून आणा आणि पैसे भरायचे की नाही ते त्यावरून ठरवा.