दोन स्क्रूंवर टेकलेली कवळी

कवळीची तक्रार बहुतेक वेळा खालच्या जबड्याची असते, आणि त्याला सबळ कारण आहे. वरची कवळी टाळूवर पसरते. मधला लाळेचा पातळ थर आणि कडेची हवाबंद पकड तिला खाली येऊ देत नाही. खाली टाळू नाही, जीभ आहे. खालच्या कवळीला टेकायला मिळते ती एक अरुंद, वळलेली पट्टी, वरच्यापेक्षा जवळजवळ निम्मी. त्यात बोलताना, गिळताना जीभ आणि गाल तिला दोन्हीकडून ढकलत राहतात. भाकरी एका बाजूने चावली की दुसरी बाजू उचलली जाते आणि फटीतून शिरलेला शेंगदाण्याचा कण हिरडीला टोचत राहतो. शिवाय ती टेकते ते हाडही स्थिर नसतं. दात असतो तोवर चावण्याचा ताण मुळाभोवतीच्या तंतूंमधून हाडाला पोचतो. दात गेला की हाड विरू लागतं. फिनलंडच्या आंत्ये तालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांच्या एक्स-रेंचा तब्बल २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल झाली, तर तो डॉक्टरांच्या हाताचा दोष असतोच असं नाही. इतकं चिकाटीचं काम करणाऱ्या या बाईंचं नाव दंतवैद्यकाबाहेर कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

प्रसिद्धी मिळाली ती स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना. १९५० च्या दशकात लुंड इथे ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटेनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेना, कारण हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. टायटेनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला परकं मानत नाहीत. गोष्ट अशी सांगितली जाते की जणू हे प्रथम त्यांनाच दिसलं. पण अमेरिकेत गॉटलिब लेव्हेन्थाल यांनी १९५१ मध्येच उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटेनियमचे स्क्रू बसवून ते आठवड्यागणिक अधिकाधिक घट्ट होत असल्याचं नोंदवलं होतं. ब्रोनेमार्क यांचं खरं मोठेपण त्यापुढचं आहे. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट, म्हणजे टायटेनियमचे स्क्रू, बसवले आणि नंतर वर्षानुवर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. पहिल्या रुग्णाचे ते इम्प्लांट त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले.

आज जाहिराती ‘एका दिवसात पक्के दात’ असं सांगतात. त्या पद्धतीत काढता न येणारी पूर्ण दंतपंक्ती चार किंवा अधिक इम्प्लांटवर बसते, आणि योग्य रुग्णात ती उत्तम चालते. पण हाड आणि धातू एकजीव व्हायला कित्येक आठवडे लागतातच, जाहिरात काहीही म्हणो. आणि ज्याचा त्रास फक्त हलणाऱ्या खालच्या कवळीचा आहे, त्याला एवढ्या पसाऱ्याची गरज आहे का? बहुतेकांना नाही, असंच पुरावा सांगतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या पूर्ण बोळक्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी त्याला दुजोरा दिला. हे इम्प्लांट सुळ्यांच्या जागी बसतात. तिथलं हाड दाट असतं, मागे दाढा गेल्यावरही बऱ्यापैकी शिल्लक राहतं, आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागेच हाडातून बाहेर पडते, म्हणून धोकाही कमी. वर दिसते ती फक्त धातूची छोटी घुंडी. कवळीच्या आतली नायलॉनची टोपी त्यावर टिचबटणासारखी टक् करून बसते आणि रात्री हाताने काढता येते.

यावर खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण तोच दोन इम्प्लांटच्या बाजूने बोलतो. वयाचा आक्षेप मात्र टिकत नाही. सत्तरी-पंचाहत्तरीतही हाड इम्प्लांटला धरतं. अडचण येते ती आटोक्यात नसलेल्या मधुमेहाची, तंबाखूची, हाडं ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांची आणि तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर घेतलेल्या किरणोपचाराची. महाराष्ट्रात तंबाखू आणि मिश्रीचं प्रमाण पाहता ही माहिती डॉक्टरांपासून लपवण्यात शहाणपण नाही. इम्प्लांट बसले की आहार सुधारेल, हाही दावा जपून घ्यावा: चावणं सोपं होतं, समाधान वाढतं, पण केवळ त्यामुळे लोकांचं जेवण फारसं बदलत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात तर इम्प्लांट फुकट देऊ केले तरी एक तृतीयांशाहून अधिक वृद्धांनी नको म्हटलं. शस्त्रक्रियेची भीती हे एक मोठं कारण. ही भीती मोडीत काढू नये. ज्यांची साधी कवळी नीट बसते, त्यांनी ती खुशाल वापरावी. आणि जे इम्प्लांटकडे वळतील त्यांनी हे विचारून घ्यावं: नायलॉनच्या टोप्या झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात, आणि एका कंपनीची टोपी दुसरीच्या घुंडीवर बसेलच असं नाही. दहा वर्षांनी ती मिळेल का, आणि घुंडीभोवतीची हिरडी रोज ब्रशने साफ करायला हात तेव्हा साथ देतील का, न दिल्यास घरात ते कोण करेल?